कमान आणि शामक : एका जुन्या कूपेच्या निमित्ताने संज्ञाविचार

भाषेतील चिन्ह यादृच्छिक असते, हे फेर्दिनां द सोस्यूर यांचे सूत्र आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रातच शिकवले जाते. ‘झाड’ या ध्वनींत झाडपणाचे काही नाही, हे कोणालाही मान्य होण्यासारखे आहे. परंतु १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या सोस्यूर यांच्या व्याख्यानग्रंथातच या सूत्राला एक पुरवणी जोडलेली आहे, तिच्याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. काही चिन्हे अंशतः सकारण असतात, असे ती पुरवणी सांगते. ‘वीस’ हा शब्द यादृच्छिक आहे. पण ‘एकोणीस’ या शब्दात ‘वीसाला एक उणा’ हा अर्थ घटकांतूनच उलगडतो. तांत्रिक संज्ञा बहुतांशी या दुसऱ्या वर्गात मोडतात. त्या सामासिक असतात, आणि प्रत्येक समास आपल्या वस्तूविषयी एक लहानसे विधान करीत असतो. हे विधान सत्य असेल तर संज्ञा शिकणाऱ्याला साहाय्य करते. ते असत्य असेल तर काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उदाहरण घेतले आहे ते मोटारगाडीच्या एका भागाचे. ‘शॉक ॲब्सॉर्बर’ ही ती संज्ञा. जुनी, चपळ वळणाची मोटार विकत घेऊन तिची डागडुजी करणाऱ्या मनुष्याला पुढेमागे नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉक ॲब्सॉर्बर निवडावे लागतात. या निवडीत होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा चुका यंत्रज्ञानाच्या अभावातून जितक्या होतात, तितक्याच या नावाने करून दिलेल्या समजुतीतून होतात, असे दाखवता येते. यात केवळ पैशाचा अपव्यय नाही. चाक रस्त्याला धरून राहणे न राहणे यावर ब्रेकची आणि वळणाची सुरक्षितता अवलंबून असते; त्यामुळे चुकीच्या संज्ञेची किंमत येथे प्रत्यक्ष रस्त्यावर मोजावी लागते.

१. उदाहरणाची निश्चिती

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक विशिष्ट गाडी समोर ठेवू. जपानच्या निस्सान कंपनीने १९६९ च्या अखेरीस ‘फेअरलेडी झेड’ या नावाची दोन आसनी गाडी प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या बाजारात हीच गाडी ‘डॅटसन २४०झेड’ या नावाने गेली आणि तेथे ती अत्यंत लोकप्रिय झाली. पुढे सहा सिलिंडरांचे २.४ लिटरचे इंजिन, मागच्या चाकांना गती, दोन आसांमधील अंतर २३०५ मिलिमीटर, वजन सुमारे एक टन, असे तिचे स्वरूप आहे. १९७३ नंतर २४०झेडची जागा २६०झेडने घेतली. याचा अर्थ असा, की आज धावणारी प्रत्येक २४०झेड पन्नाशी ओलांडलेली आहे.

अशा बांधणीच्या गाडीला ‘कूपे’ म्हणतात. हा शब्द मराठी वाचकाला रेल्वेच्या डब्यामुळे परिचित आहे. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ ‘कापलेला’ असा आहे. मोठ्या घोडागाडीचा एक भाग कापून जी आखूड गाडी तयार झाली, तिला हे विशेषण प्रथम लागले, आणि पुढे ते नाम बनून आगगाडीत व मोटारीत स्थिरावले. येथे संज्ञेचा मूळ अर्थ विसरला गेला तरी कोणाचे काही बिघडत नाही. ‘शॉक ॲब्सॉर्बर’ची गोष्ट निराळी आहे.

२. एका वस्तूची दोन कामे

मोटारगाडीचा सांगाडा चाकांवर थेट टेकलेला नसतो. मध्ये स्प्रिंग असते. चाक उंचवट्यावर चढले की स्प्रिंग दबते आणि धक्का सांगाड्यापर्यंत पोहोचण्याआधी सौम्य होतो. म्हणजे धक्का प्रथम झेलणारा भाग स्प्रिंग हा होय. परंतु स्प्रिंगेचा स्वभाव घेतलेले परत देण्याचा आहे. दबलेली स्प्रिंग उसळते, सांगाड्याला वर फेकते, पुन्हा दबते. आणि तिला थांबवणारे काही नसेल तर गाडी पाळण्यासारखी हेलकावे घेत राहते. हे हेलकावे शमवण्यासाठी स्प्रिंगेच्या जोडीला दुसरा भाग लावलेला असतो. तेलाने भरलेल्या नळकांड्यात एक दट्ट्या खालीवर सरकतो. दट्ट्यातील बारीक छिद्रांतून आणि झडपांतून तेलाला वाट काढावी लागते. त्या घर्षणाने गतीचे रूपांतर उष्णतेत होते आणि हेलकावा विरतो. यालाच ‘शॉक ॲब्सॉर्बर’ असे नाव पडले आहे.

या नावाला ऊर्जेच्या हिशेबाने थोडे समर्थन देता येईल. स्प्रिंगेने साठवलेली ऊर्जा हा भाग खरोखरच जिरवतो. तेव्हा ‘शोषण’ हे उत्तरपद सर्वस्वी अयोग्य नाही. खोट आहे ती पूर्वपदात. तो जे जिरवतो ते धक्का नसून धक्क्यानंतरचा हेलकावा असतो. अचानक आलेल्या धक्क्याच्या बाबतीत तर तो मदत करण्याऐवजी अडथळाच करतो, कारण वेगाने हलवू पाहिले की तेल अधिक विरोध करते आणि तो विरोध सांगाड्याला जाणवतो.

हा घोटाळा कसा उत्पन्न झाला, याचे उत्तर जुन्या वाहनांत सापडते. घोडागाडीला आणि आरंभीच्या मोटारींना पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली स्प्रिंग असे. आपल्याकडील ट्रकला आजही ती दिसते आणि तिला सर्वत्र ‘पाटा’ म्हणतात. पाटा वाकतो तेव्हा त्याच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात. त्या घासण्यानेच हेलकावा पुष्कळसा शमतो. म्हणजे झेलणे आणि शमवणे ही दोन्ही कामे एकच वस्तू करीत होती, आणि म्हणून त्यांना दोन नावांची गरज भासली नव्हती. मोटारींचा वेग वाढल्यावर हे घर्षण अपुरे पडू लागले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्रुफो या फ्रेंच संशोधकाच्या कल्पनेवर आधारलेली घर्षणयुक्त साधने अमेरिकेत हार्टफर्ड यांनी विक्रीस आणली, आणि ती ‘शॉक ॲब्सॉर्बर’ या नावानेच खपली. नाव विक्रेत्याच्या दृष्टीने उत्तम होते. गिऱ्हाइकाला धक्क्याचा अनुभव होता, हेलकाव्याचे गणित ठाऊक नव्हते. पुढे वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या. त्यांच्यात आपसांतले घर्षण नगण्य असल्यामुळे शमनाचे काम पूर्णपणे दुसऱ्या भागावर आले. वस्तू वेगळ्या झाल्या, परंतु नाव जुनेच राहिले.

२४०झेडमध्ये या गोंधळात रचनेची भर पडते. तिच्या चारही चाकांना स्ट्रट आहेत : पुढे मॅकफर्सन पद्धतीचे, मागे चॅपमन पद्धतीचे. स्ट्रटमध्ये शमनाची नळी मध्यभागी आणि तिच्याभोवती स्प्रिंग अशी मांडणी असते. पाहणाऱ्याला ती एकच वस्तू दिसते. नावाने एक आणि डोळ्यांनीही एक. मग मनुष्याने दोन कामे वेगळी कशी ओळखावीत?

३. अन्य भाषांची साक्ष

ब्रिटिश अभियंते या भागाला ‘डॅम्पर’ म्हणणे पसंत करतात. जर्मन भाषेत ‘श्टोसडेम्फर’ हा समास रूढ आहे. त्याचे उत्तरपद शमनाचे असले तरी पूर्वपद धक्क्याचेच आहे. फ्रेंच ‘आमोर्तिसर’ हा शब्द ‘निर्जीव करणे, मंद करणे’ अशा अर्थाच्या क्रियापदापासून आला असून त्याच्या मुळाशी मृत्युवाचक धातू आहे. हेलकाव्याचा जीव घेणारे साधन, असा त्याचा अर्थ लावला तर तो वस्तूला अचूक लागू पडतो. जाता जाता एक सूचना : इंग्रजी ‘डॅम्प’ आणि संस्कृत ‘दम्’ यांतील साम्य पाहून कोणी संबंध जोडू नये. पहिला शब्द वाफ या अर्थाच्या जर्मॅनिक शब्दाशी निगडित आहे. ‘दम्’चा इंग्रजीतील खरा सोयरा ‘टेम’ हा आहे.

मराठीत स्प्रिंगेसाठी ‘कमान’ हा जुना शब्द आहे. घड्याळाची कमान आणि कमानीची गाडी हे प्रयोग मागच्या पिढ्यांना परिचित होते. फारसीत ‘कमान’ म्हणजे धनुष्य. धनुष्य ओढणाऱ्याचे बळ साठवते आणि सोडताच परत देते. स्प्रिंगेचा हाच धर्म असल्यामुळे ही संज्ञा सकारण तर आहेच, शिवाय तिचे विधान सत्यही आहे. दुसऱ्या भागासाठी मात्र आपल्या गॅरेजांत ‘शॉकअप’ हा शब्द चालतो. ‘ॲब्सॉर्बर’ची शेपटी तुटून तो झालेला दिसतो. गंमत अशी, की या मोडतोडीत दिशाभूल करणाऱ्या शब्दातला अर्धा अर्थ गळून पडला, पण राहिला तो नेमका चुकीचा अर्धा. ‘धक्काशोषक’ असा शब्दशः अनुवाद केल्यास मूळचा दोष संस्कृत वेष घेऊन पुन्हा उभा राहतो. म्हणून या लेखापुरता मी ‘शम्’ धातूपासून ‘शामक’ हा शब्द वापरतो, आणि स्प्रिंगेला ‘कमान’ म्हणतो. नावे वेगळी केली की निवडीचे प्रश्नही आपोआप वेगळे होतात.

४. कमानीचा प्रश्न : ‘किती?’

कमान किती दबली, एवढ्याच प्रश्नाला कमान उत्तर देते. ती सावकाश दबली की झटक्याने, याच्याशी तिला कर्तव्य नाही. दर मिलिमीटर दाबाला किती न्यूटन विरोध, या मापाला तिचा ताठरपणा म्हणावे. हा ताठरपणा चार गोष्टींवर ठरतो : पोलादाचा गुण, तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि कार्यक्षम वेटोळ्यांची संख्या. यांत तारेच्या जाडीचा चौथा घात येतो. तार दहा टक्क्यांनी जाड केली तर ताठरपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. वेटोळ्यांचे प्रमाण व्यस्त आहे. आठांपैकी एक वेटोळे कापून टाकले की उरलेली कमान सुमारे १४ टक्क्यांनी अधिक ताठ होते.

या चार गोष्टींत ‘वय’ नाही, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. जुनी गाडी खाली आली की मालक म्हणतो, ‘स्प्रिंगा मऊ पडल्या.’ पोलादाचा गुण वर्षांनी बदलत नाही आणि गंजाने तार झिजली नसेल तर ताठरपणाही बदलत नाही. बदलते ती कमानीची मोकळी उंची. दीर्घकाळ ओझे सोसून ती कायमची थोडी आखूड होते. आपले मिस्त्री अशा वेळी ‘पाटे बसले’ किंवा ‘स्प्रिंग बसली’ असे म्हणतात. हा प्रयोग शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. ‘मऊ पडली’ हे निदान ताठर कमानीकडे नेते; ‘बसली’ हे निदान मूळ ताठरपणाच्या, योग्य उंचीच्या कमानीकडे नेते. एका क्रियापदाने खरेदी बदलते.

आता ताठरपणा किती निवडावा? यासाठी उपयोगी पडणारे माप म्हणजे हेलकाव्याची वारंवारता. कमानीच्या ताठरपणाला तिच्यावरील वस्तुमानाने भागून, त्याचे वर्गमूळ काढून, दोन पायने भागले की दर सेकंदाचे हेलकावे मिळतात. हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. एका पुढच्या चाकावर सांगाड्याचे २४० किलो वजन आहे आणि कमानीचा ताठरपणा दर मिलिमीटरला १५ न्यूटन आहे, असे समजा. स्ट्रटची कमान चाकाबरोबर जवळजवळ तितकीच हलते, म्हणून चाकापाशीही तोच आकडा धरण्यास हरकत नाही. वारंवारता येते सुमारे १.२६ हर्ट्झ. ताठरपणा २५ केला तर ती १.६२ होते. साधारणतः एकच्या आसपास सुखासीन गाड्या, दीडच्या पुढेमागे चपळ गाड्या, आणि दोनच्या पुढे शर्यतीसाठी सजवलेल्या गाड्या, असे स्थूल मान धरता येते. तेव्हा १५ वरून २५ वर जाणे म्हणजे गाडीला एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेणे होय. हे जाणीवपूर्वक करावे; ‘जरा कडक द्या’ एवढ्या शब्दांत करू नये.

पुढच्या आणि मागच्या कमानींचे नातेही सांभाळावे लागते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या २४०झेडचे मागचे चाक पुढच्या चाकानंतर सुमारे ०.११५ सेकंदाने त्याच उंचवट्यावर येते. पुढचा भाग आधी डोलू लागतो, मागचा नंतर. मागची वारंवारता किंचित अधिक ठेवली तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी समतल राहते. मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत केलेल्या प्रयोगांमुळे हे तत्त्व रूढ झाले. केवळ पुढच्या कमानी ताठ करणारा मालक हे नाते नकळत मोडतो.

५. उंची कमी करण्याचा मोह

चपळ गाडी खाली असावी, अशी बहुतेकांची इच्छा असते. येथेही हिशेब पाहू. वरील गाडीत चाकाला वर येण्यासाठी ८० मिलिमीटर वाव आहे असे समजा. १५ न्यूटनची कमान तेवढ्या प्रवासात ४८ ज्यूल ऊर्जा झेलते. गाडी ३० मिलिमीटरने खाली आणली की वाव ५० मिलिमीटर उरतो. तेवढ्यात पूर्वीइतकीच ऊर्जा झेलायची तर ताठरपणा १५ वरून ३८ च्या वर न्यावा लागतो, आणि वारंवारता २ हर्ट्झपर्यंत जाते. म्हणजे रस्त्यावरची गाडी शर्यतीची झाली. २५ न्यूटनवर थांबल्यास केवळ ३१ ज्यूल झेलले जातात. उरलेला धक्का अखेरच्या रबरी ठोकळ्यावर आदळतो. स्ट्रटची नळी कापून आखूड करणे हा यावरचा एक मार्ग आहे, कारण त्याने गेलेला वाव परत मिळतो; परंतु ते कुशल वेल्डिंगचे काम आहे.

दुसरी अडचण भूमितीची आहे. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत उंची कमी झाली की खालचा आडवा बाहू चाकाच्या बाजूला वर उचलला जातो. गाडी ज्या बिंदूभोवती वळणात कलते, तो बिंदू यामुळे गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली घसरतो. परिणामी दोहोंतील अंतर वाढते आणि खाली आणलेली गाडी वळणात कमी कलण्याऐवजी अधिक कलू पाहते. स्ट्रटच्या तळाशी जाडसर चकती बसवून बाहूचा कल पूर्ववत करण्याचा उपाय या गाडीच्या मालकांत रूढ आहे. कल कमी करणे एवढाच उद्देश असेल तर दोन्ही बाजूंना जोडणारा अँटिरोल बार बदलणे अधिक सयुक्तिक ठरते. सरळ रस्त्यावर दोन्ही चाके एकदम वर आली तर तो आड येत नाही.

कमान कापून उंची कमी करण्याची पद्धत सर्वत्र आढळते. तिने ताठरपणा वाढतो हे आपण पाहिलेच. परंतु कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसते की नाही, हे पाहावे लागते, आणि चाक लोंबकळताना कमान सुटी पडता कामा नये. ज्योत लावून कमान ‘बसवण्याचा’ प्रकार तर सर्वथा त्याज्य होय; त्याने पोलादाचे पाणी उतरते.

६. शामकाचा प्रश्न : ‘किती वेगाने?’

शामकाला अंतराशी कर्तव्य नाही, वेगाशी आहे. स्थिर उभ्या गाडीत शामकाचा विरोध शून्य असतो. यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला : बसलेली गाडी नव्या शामकांनी वर येत नाही. मालक महाग शामक बसवतो, गाडी तेवढीच खाली राहते, आणि तो दुकानदाराला दोष देतो. वस्तुतः दोष ‘धक्का झेलणारा तोच, म्हणून ओझे उचलणाराही तोच’ या नावातून निघालेल्या अनुमानाचा असतो. दुसरा : लांब, एकसारख्या वळणात गाडी अखेर किती कलेल, हे शामक ठरवीत नाही. तिथवर ती किती त्वरेने पोहोचेल, एवढेच त्याच्या हाती असते.

याला एक लहान अपवाद आहे. शामक दोन प्रकारचे असतात. दोन नळ्यांच्या शामकात आतल्या नळीत दट्ट्या आणि बाहेरच्या नळीत जादा तेल असते. एका नळीच्या शामकात तेल आणि उच्च दाबाचा नायट्रोजन यांना तरंगती चकती विभागते. फ्रान्समधील द कार्बन यांच्या संशोधनातून हा प्रकार पुढे आला, आणि १९५७ पासून बिल्स्टाइन कंपनीने तो मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांना पुरवला. त्यात तेलाला फेस येत नाही आणि उष्णता लवकर बाहेर पडते. वायूचा दाब दांड्याला बाहेर ढकलतो, त्यामुळे मऊ कमानीची गाडी किंचित उचलली जाते. तथापि तो आनुषंगिक परिणाम होय. उंचीसाठी शामक निवडणे हे सावलीसाठी दिवा विकत घेण्यासारखे आहे.

शामक कमानीला अनुरूप हवा, याचा अर्थ आकड्यांत सांगता येतो. हेलकावा एकदाही न होता कमान मूळ जागी परतेल इतक्या शमनाला निर्णायक शमन म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीत त्याचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा पुरतो. चपळ गाडीत काहीसा अधिक. हे निर्णायक मान ताठरपणा आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळावर अवलंबून असते. कमान १५ वरून २५ वर नेली तर ते सुमारे २९ टक्क्यांनी वाढते. जुना शामक पूर्वी त्याचा ०.३० हिस्सा पुरवीत असेल, तर तो आता ०.२३ हिस्साच पुरवील. म्हणजे नव्या ताठ कमानी आणि जुने शामक ही जोडी गाडीला अधिक उसळती बनवते. मालकाला मात्र ती ‘कडक’ झाल्यासारखी वाटते.

‘कडक’ हे विशेषण येथे खरे अपराधी आहे. ते कमानीला लावले तर त्याचा अर्थ ‘अंतराला विरोध’, शामकाला लावले तर ‘वेगाला विरोध’. एकाच शब्दाखाली दोन राशी दडल्यामुळे एकीची उणीव दुसरीने भरून काढता येईल असा भास होतो. मऊ कमानींची गाडी फार कलते म्हणून शामकाची कळ शेवटपर्यंत फिरवणारे पुष्कळ आढळतात. शामकात दाबाला आणि उसळीला मिळणारा विरोध निरनिराळा असतो. उसळीचा बहुधा दुप्पट वा अधिक ठेवतात. फिरवता येणाऱ्या शामकांत, उदाहरणार्थ कोनी कंपनीच्या पारंपरिक शामकांत, मुख्यतः उसळीचा विरोध बदलतो. तो अतोनात वाढवला तर एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात जाईतो चाकाला पूर्ण खाली यायला अवधीच मिळत नाही. गाडी टप्प्याटप्प्याने खाली ओढली जाते, वाव संपतो, आणि ओबडधोबड रस्त्यावर टायर जमीन सोडू लागतो. ब्रेक लावण्याचा क्षण नेमका तेव्हा आला तर काय होईल, हे सांगायला नको.

७. निवडीचा अनुक्रम

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम असा ठरतो.

प्रथम गाडी कोणत्या रस्त्यावर चालणार, हे प्रामाणिकपणे ठरवावे. त्यानंतर कमानींना व शामकांना दोष देण्यापूर्वी रबरी बुश, स्ट्रटच्या माथ्यावरील रबरी बैठक, बॉल जॉइंट आणि टायर तपासावेत. पन्नास वर्षांच्या गाडीतील शैथिल्य पुष्कळदा रबराचे असते. मडगार्ड दाबून सोडण्याची चाचणी सर्वत्र करतात. तिने साफ निकामी शामक ओळखता येतो, अर्धवट झिजलेला नाही. दांड्याभोवती पाझरलेले तेल आणि टायरवर पडलेले उंचसखल चट्टे ही अधिक विश्वसनीय चिन्हे होत.

मग कमान निवडावी : प्रथम ताठरपणा, नंतर उंची. मूळ गाडीचे वर्तन आवडत असेल तर मूळ ताठरपणा राखावा. विक्रेत्याने उंचीतील घट सांगितली आणि ताठरपणाचा आकडा सांगितला नाही, तर तो मागून घ्यावा. न मिळाल्यास ती कमान घेऊ नये. यानंतरच शामक निवडावा, आणि विकणाऱ्याला आपल्या कमानीचा आकडा सांगून निवडावा. २४०झेडच्या मूळ स्ट्रटमध्ये नळीत बसणारा स्वतंत्र शामक घालता येतो. तो घालताना नळीच्या पोकळीत थोडे तेल ओततात, म्हणजे उष्णता बाहेरच्या भिंतीपर्यंत जाते. नळीची मापे उत्पादनवर्षाप्रमाणे आणि पुढच्या-मागच्या जागेप्रमाणे तपासून घ्यावीत. कमानी आणि शामक नेहमी आसाच्या दोन्ही बाजूंना एकदमच बदलावेत.

बसवण्याच्या बाबतीत दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. स्ट्रटच्या माथ्याचा नट दाबलेल्या कमानीचे सारे बळ अडवून धरतो. योग्य आवळणीने कमान दाबून धरल्याशिवाय तो सोडणे प्राणघातक ठरू शकते. रबरी बुशांचे बोल्ट अखेरचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. लोंबकळत्या स्थितीत आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. शेवटी चाकांचे कोन मापून घ्यावेत.

८. उपसंहार

हा सारा क्रम ‘किती?’ आणि ‘किती वेगाने?’ या दोन प्रश्नांतून निघालेला आहे. हे प्रश्न अवघड नाहीत. शाळेतील पदार्थविज्ञानाएवढेच त्यांचे ओझे आहे. तरीही सुशिक्षित मनुष्य बाजारात त्यांची गल्लत करतो, कारण तो वस्तू पाहण्याआधी नाव ऐकतो आणि नावाने केलेले विधान तपासून पाहावे असे त्याच्या मनात येत नाही.

परिभाषा घडवणाऱ्यांना यातून एक इशारा घेता येईल. परकीय सामासिक संज्ञेचे पदशः भाषांतर करताना आपण शब्द आणतो तसेच त्या शब्दातील विधानही आणतो. म्हणून भाषांतराआधी एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे : हा समास जे म्हणतो ते ही वस्तू खरोखर करते काय? ज्यांना ‘शामक’ हा शब्द रुचणार नाही, त्यांनी खुशाल ‘शॉकअप’ म्हणावे. भाषेत रुळलेला शब्द कोणाच्या आज्ञेने जात नाही, आणि जावा असा आग्रहही नाही. दुकानाच्या पायरीवर मात्र त्यांनी क्षणभर थांबून आपली अडचण कमानीची आहे की शमनाची, हे स्वतःशी ठरवावे. तेवढे केले तर जुन्या गाडीची चाके रस्ता धरून राहतील, आणि संज्ञाविचाराचा व्यवहारात काही उपयोग आहे, असे म्हणण्यास आपल्यालाही आधार मिळेल.